फोटो वरून, हात बाजूने: चीज आणि फळांचा प्लॅटर मांडताना

आजचा विषय खाण्याचा आहे, त्यामुळे पोटात कावळे ओरडत असतील तर आधी काहीतरी तोंडात टाका आणि मग ऐका.

गेल्या आठवड्यात एका ताईचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. लग्नाला चार महिने झालेत, पुण्यात भाड्याचा वन बीएचके आहे आणि येत्या रविवारी सासरची मंडळी पहिल्यांदा तिच्या घरी येणार आहेत. दहा जण. सासू-सासरे, नवऱ्याची आजी, आत्या, काका-काकू, सात महिन्यांची गरोदर नणंद, तिचे मिस्टर, त्यांचा तीन वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याचा एक जैन मित्र. जेवण बाहेरून मागवायचं ठरलंय. पण त्याआधी गप्पा मारताना समोर चीज आणि फळांचा प्लॅटर ठेवायची तिची इच्छा आहे. रील बघितलंय, सेव्ह करून ठेवलंय. आणि मग ती म्हणते, "मला भीती अशी वाटते की सगळे 'छान केलंयस गं' म्हणतील, फोटो काढतील आणि कोणी हातच लावणार नाही. आजींना वाटेल, ही शायनिंग मारतेय."

हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसले. कारण ही भीती अगदी खरी आहे. मी गेली काही वर्षं घरून असे प्लॅटर करून देते. डोहाळजेवण, साखरपुडा, ऑफिसची पार्टी, सगळीकडे जातात. आणि एक दृश्य मी इतक्या वेळा बघितलंय की सांगायची सोय नाही: प्लॅटरभोवती तरुण मंडळींचा गराडा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर मोठी माणसं हाताची घडी घालून. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमचं झालं बाई, तुम्ही घ्या." झालेलं काहीच नसतं. त्यांना त्यात शिरायचं कसं हे कळलेलं नसतं, आणि कळत नाही हे चारचौघांत दाखवायचं नसतं.

आता विचार करा, आपल्या पानाचं काय असतं? मीठ वरती मधोमध, शेजारी लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या. मध्ये वरणभात, त्यावर तूप. हे कोणी शाळेत शिकवत नाही, पण पाटावर बसलेल्या पाच वर्षांच्या पोरालाही डावीकडचं थोडं थोडं खायचं आणि उजवीकडचं पोटभर, हे माहीत असतं. शिवाय कोणीतरी वाढतं. आग्रह करतं. चीज प्लॅटरमध्ये यातलं काहीच नाही. डावं-उजवं नाही, वाढणारं नाही, आग्रह नाही. एक सुंदर नक्षी समोर ठेवलेली आणि सुरीने ती मोडायची जबाबदारी पाहुण्यावर! आपल्या आत्याबाई कशाला मोडतील दुसऱ्याच्या घरची रांगोळी?

म्हणून आज मी जे सांगणार आहे ते रीलमध्ये दिसतं त्याच्या जरा उलटं आहे. मोबाईल प्लॅटरकडे वरून बघतो. पाहुणा बाजूने बघतो, बसून बघतो, आणि त्याचा हात एका कडेने येतो. तेव्हा मांडणी हातासाठी करायची. फोटो आपोआप बरा येतो.

आधी खरेदीचं बोलू. किती घ्यायचं? जेवणाआधी असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम चीज खूप झालं. जेवणाऐवजी असेल तर दुप्पट. फळं माणशी १००-१२० ग्रॅम, म्हणजे दहा जणांना सव्वा किलोच्या आसपास. एका गिऱ्हाइकाने माझ्याकडून दहा माणसांसाठी चार किलोचा प्लॅटर मागितला होता, कारण फोटोत 'भरगच्च' दिसायला हवा होता. मी सांगून बघितलं. ऐकलं नाही. त्यातलं निम्म्याहून जास्त डब्यात भरून शेजाऱ्यांकडे गेलं, आणि शेजारी खूश झाले एवढंच. भरगच्च दिसायचं असेल तर भांडं लहान घ्या, इतकं सोपं आहे.

चीज कोणतं? तीन प्रकार पुरेत. पाच-सहा नकोत. दुकानात काचेमागे नावं वाचून गोंधळायला होतं, म्हणून मी एक सोपी वाट सांगते: एक ओळखीचं, एक थोडं नवीन, एक मऊ.

ओळखीचं म्हणजे आपला प्रोसेस्ड चीजचा क्यूब. नाक मुरडू नका! आपल्याकडे चीज म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अमूलचा क्यूबच येतो. प्रोसेस्ड म्हणजे तयार चीज वितळवून, त्यात पाणी आणि तेल वेगळं होऊ न देणारे क्षार घालून पुन्हा घट्ट केलेलं. म्हणून ते वर्षभर एकाच चवीचं लागतं. प्लॅटरवर त्याचं काम चवीपेक्षा धीर देण्याचं आहे. आजींना एक तरी गोष्ट ओळखीची दिसली की बाकीच्या गोष्टी परक्या वाटत नाहीत.

थोडं नवीन म्हणजे चेडर किंवा गौडा. चेडर हे इंग्लंडमधल्या सॉमरसेट भागातल्या चेडर नावाच्या गावावरून, गौडा हे नेदरलँड्समधल्या शहरावरून. (डच माणूस त्याला 'खाउडा'च्या जवळपास काहीतरी म्हणतो, पण दुकानात तसं मागू नका, मिळणार नाही.) चेडर जरा आंबटसर, खारट. गौडा गोडसर, आणि मुरलेला असेल तर कॅरॅमलकडे झुकणारा. दोन्ही आता भारतात बनतात. पुणे जिल्ह्यातल्या मंचरला पराग मिल्क फूड्सचा मोठा कारखाना आहे, 'गो' नावाने मिळणारं चीज त्यांचंच. मुंबईच्या एलेफ्थेरिया या छोट्या चीज बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रुनोस्ट या तपकिरी चीजला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं. तेव्हा 'चांगलं चीज म्हणजे इम्पोर्टेड' हे डोक्यातून काढून टाका. बजेट दीड-दोन हजारांचं असेल तर एका इम्पोर्टेड तुकड्यात त्यातला मोठा वाटा जातो आणि उरलेल्या ताटात काकडी भरावी लागते.

आणि मऊ म्हणजे चक्का. हो, श्रीखंडाचा चक्का! लेबनॉन, सीरियाकडे दही टांगून लबनेह करतात, ती आणि आपला चक्का सख्खी मावसभावंडं आहेत. अर्धा किलो दही पंचात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये गाळत ठेवा, सकाळी मोठी वाटीभर चक्का मिळेल. त्यात मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, बारीक चिरलेला पुदिना. लसूण टाकायचा मोह होतो, पण त्या ताईंकडे जैन मित्र येणार आहे, तेव्हा लसूण नाही.

तर दहा जणांसाठी हिशेब असा: चेडर २०० ग्रॅम, गौडा १५० ग्रॅम, २५ ग्रॅमचे आठ क्यूब म्हणजे २०० ग्रॅम, आणि चक्क्याची वाटी. झालं. पाकीट घेताना मागची बाजू वाचा. घटकांमध्ये पाम तेल किंवा दुसरं कुठलं वनस्पती तेल दिसलं तर ते दुधाचं चीज नाही, पिझ्झावर वितळायला केलेली वेगळी वस्तू आहे. स्वस्त असते, वितळते छान, पण नुसती खाल्ली की मेणासारखी लागते.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण यावरून मी घरात ताणतणाव झालेले बघितलेत. दुधाचं चीज व्हायला ते घट्ट करणारं एन्झाइम लागतं, त्याला रेनेट म्हणतात. पारंपरिक युरोपीय पद्धतीत हे रेनेट वासराच्या पोटातून काढतात. इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोच्या तर नियमांतच आहे की वासराचंच रेनेट वापरायचं. भारतात चीजसाठी प्राण्यांपासून न मिळवलेलं रेनेट वापरावं असा अन्नसुरक्षा नियम आहे, त्यामुळे इथल्या हिरव्या ठिपक्याच्या पाकिटाची काळजी नाही. काळजी कुठे? चुलतभाऊ जर्मनीहून येताना बॅगेतून जे 'स्पेशल' चीज आणतो, तिथे. ते प्रेमाने आणलेलं असतं, महाग असतं, आणि शाकाहारी माणसाला ते न सांगता खायला घालणं हा विश्वासघात आहे. पाकिटावर शाकाहारी आहे असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ते या प्लॅटरवर ठेवू नका. तुम्ही आणि नवरा रात्री खा.

आणि माणसांचं बोलतोय तर माणसांचंच पूर्ण बोलू. जैन मित्राला आधी एक फोन करा. अनेक जैन घरांत मध चालत नाही, काही घरांत अंजीरही चालत नाही, आणि कोण किती पाळतं हे ज्याचं त्यालाच माहीत असतं. फोन करायला लाजू नका. विचारलेलं माणसांना आवडतं. आजींचा त्या दिवशी उपास असेल का, हे नवऱ्याला विचारा. त्याला माहीत नसणार, म्हणून सासूबाईंना विचारा.

नणंदबाई गरोदर आहेत. ब्री, कॅमेम्बर यांसारखी पांढऱ्या बुरशीच्या सालीची मऊ चीज आणि मऊ ब्लू चीज गरोदरपणात न शिजवता खाऊ नयेत, असा ब्रिटनच्या एनएचएसचा सल्ला आहे. कारण लिस्टेरिया नावाचा जिवाणू, जो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि बाळाला धोका करू शकतो. चेडर, गौडा यांसारखी कडक चीज, पाश्चराइज्ड दुधाची, चालतात. म्हणजे आपण निवडलेली तिन्ही बरी आहेत. चक्क्याचं दही मात्र पाश्चराइज्ड दुधाचं असू दे. बाकी त्यांच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर ते अंतिम. पपई आणि अननस ठेवूच नका. त्यामागचं शास्त्र काय, यावर त्या दिवशी दिवाणखान्यात परिसंवाद भरायला नको! तसंही पपई, अननस, किवी या तिन्हींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. चक्क्यासारख्या ताज्या दुधाच्या पदार्थाला ती चिकटून राहिली की थोड्या वेळाने कडवट चव येते. किवी फोटोत छान दिसतो हे मान्य, पण त्याला वेगळ्या वाटीत बसवा.

तीन वर्षांचा मुलगा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बरोबर बुचासारखं बसतं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी द्राक्षं उभी कापायची, चार भाग करून. आडवी नाही, उभी. आडवं कापलं तर गोल चकती राहते आणि धोका तसाच राहतो. अख्खे बदाम, काजू, शेंगदाणे पाच वर्षांखाली नकोच. आणि पाहुण्यांत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, कितीही आजी म्हणाल्या तरी. मधात बोट्युलिझमचे जिवाणू-बीज असू शकतं, आणि तान्ह्या पोटाला ते झेपत नाही. त्या मुलासाठी एक छोटी डिश वेगळी भरून ठेवा आणि प्लॅटर त्याच्या हाताच्या उंचीच्या टीपॉयवर ठेवू नका.

आता फळं. सध्या फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे आपली चंगळ आहे. नाशिकची द्राक्षं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरची संत्री, घोलवडचे चिकू, पेरू, सोलापूरचं डाळिंब. यांतली बरीचशी जीआय मानांकन मिळालेली फळं आहेत आणि मंडईत एका फेरीत मिळतात. हे सोडून ब्लूबेरीची छोटी डबी कशाला घ्यायची, मला खरंच कळत नाही.

पण सगळी फळं प्लॅटरवर सारखी वागत नाहीत. द्राक्षं सगळ्यात गुणी. वाहत्या पाण्याखाली धुवा, कोरडी करा, आणि कात्रीने चार-चार, पाच-पाच द्राक्षांचे घोस कापा. मोठा घड ठेवला की माणूस एक द्राक्ष तोडायला जातो आणि आख्खा घड चीजवर आडवा होतो. स्ट्रॉबेरी देठासकट ठेवा, धरायला बरं पडतं, आणि अगदी शेवटी धुऊन पंचावर टिपून घ्या. ओली स्ट्रॉबेरी तासाभरात रडायला लागते. डाळिंबाचे दाणे वाटीत चमच्यासकट. संत्र्याच्या फोडी सोलून, पण चीजपासून लांब. सफरचंद घेणार असाल तर वाडगाभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा अर्धा चमचा मीठ टाकून फोडी पाच मिनिटं बुडवा, मग टिपा, काळ्या पडायला वेळ लागेल. मी मात्र सफरचंदाऐवजी पेरू घेते. तो इतक्या लवकर काळा पडत नाही, करकरीत असतो, आणि चेडरबरोबर जो काही लागतो ना! वर किंचित तिखट-मीठ भुरभुरवा, काका दुसरी फोड मागतील.

आणि चिकू. चिकू आणि गौडा. हे मी माझ्या कामातलं गुपित म्हणून सांगते आहे. दोघांनाही तो तपकिरी, गुळासारखा गोडवा असतो, आणि गौड्याचा खारटपणा चिकूच्या गोडाला आवर घालतो. चिकू पिकलेला पण घट्ट असावा, साल काढून उभ्या फोडी करा, बिया काढा. दात नसलेल्या आजींनाही खाता येतं. प्लॅटरवरचं एवढं एकच कॉम्बिनेशन लक्षात ठेवलंत तरी चालेल.

सोबतीला कुरकुरीत काहीतरी लागतं. क्रॅकर्सची पाकिटं आणू शकता, पण सोलापूरकडची कडक ज्वारीची भाकरी बघितलीय ना? पापडासारखी पातळ. तिचे हाताने तुकडे करा. आणि खाकरे, प्रत्येकाचे चार तुकडे करून. चेडरला गोड-आंबट जोड लागतो, तिथे परदेशी जॅम कशाला? साखरांबा आहे, गुळांबा आहे. इंग्रज लोक चेडरबरोबर आंब्याची चटणी खातात, आपला साखरांबा तिच्याच जवळचा. सांगलीचे बेदाणे, थोडे काजू. हो, काजू वेगळ्या वाटीत, कोणाला नट्सची अॅलर्जी असेल तर त्याचे तुकडे सगळीकडे विखुरलेले नकोत.

भांडं कशाचं? लाकडी बोर्ड विकत घ्यायची अजिबात गरज नाही. घरात पोळपाट आहे. एक तुमचा, एक शेजारच्या काकूंचा. आणि इथे माझा ठाम सल्ला: एक मोठा प्लॅटर करू नका, दोन लहान करा. एक सोफ्यासमोर मोठ्या माणसांच्या हाताशी, एक पलीकडे तरुण मंडळींत. वन बीएचकेमध्ये दहा माणसं एका टेबलाभोवती उभी राहूच शकत नाहीत, आणि गुडघे दुखणारी माणसं एका चीजच्या तुकड्यासाठी उठत नाहीत. निम्म्या वेळा 'आमचं झालं'चं खरं कारण गुडघे असतात.

पोळपाटावर केळीचं पान पुसून अंथरा. पीठ-तेल मुरलेल्या लाकडाचा वास चीजला लागत नाही, आणि हिरव्यावर पिवळं-लाल इतकं खुलतं की वेगळी सजावट लागत नाही. पितळी परात वापरायची असेल तर कल्हई असलेली घ्या, किंवा पान नीट अंथरा, कारण फळांची आंबटाई उघड्या पितळेला चालत नाही. आणि फुलं? बाजारातली झेंडूची फुलं फवारलेली असतात. कण्हेर तर विषारी आहे, मी एका कार्यक्रमात चक्क कण्हेरीची फुलं खाण्याच्या टेबलावर मांडलेली बघितली आहेत. जे खाता येत नाही ते प्लॅटरवर ठेवायचं नाही. पुदिन्याची चार पानं पुरतात.

आता मांडणी. आधी वाट्या: चक्का, साखरांबा, डाळिंब. त्या एका रेषेत नको, तिरक्या, त्रिकोणात. मग चीज. मग चीजला लागून, ज्याच्याबरोबर जे खायचं ते फळ. म्हणजे चेडरशेजारी पेरू, गौड्याशेजारी चिकू, क्यूबशेजारी द्राक्षं. हीच आपली डावी-उजवी बाजू! पाहुण्याला विचारावं लागत नाही, हात चीजवर गेला की शेजारीच जोडीदार सापडतो. मग कुरकुरीत गोष्टी बाहेरच्या कडेला, फळांपासून दूर. फळाचा ओलावा लागला की भाकरी दहा मिनिटांत लोळागोळा होते. त्यातलीही निम्मीच मांडा, निम्मी डब्यात घट्ट बंद ठेवा आणि नंतर भर घाला. शेवटी बेदाण्यांनी फटी भरा. उंच गोष्टी मध्ये, बुटक्या कडेला, म्हणजे बसलेल्या माणसाला पलीकडचंही दिसतं.

चीज कापूनच ठेवा. युरोपात अख्खा तुकडा आणि सुरी ठेवतात, पाहुणा कापून घेतो. आपल्याकडे आजींच्या हातात सुरी देऊन 'कापा' म्हणणं बरं दिसत नाही. चेडरचे साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करून तिरके कापा, त्रिकोण होतात. गौड्याच्या पातळ पट्ट्या. चीज थंडगार असताना कापा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, चिकटत नाही. मऊ चीज असेल तर शिवणाचा नवा, स्वच्छ दोरा ताणून धरा आणि दाबा, सुरीपेक्षा सुबक कापलं जातं.

वेळेचं गणित महत्त्वाचं. फ्रिजमधून काढल्या काढल्या चीजला चव नसते, त्यातली स्निग्धता गोठलेली असते. सध्याच्या हवेत अर्धा तास आधी काढा. मे महिन्यात पंधरा मिनिटं पुरे, नाहीतर चीजला घाम फुटतो. बाहेर मांडलेलं सगळं दोन तासांत संपवायचं. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. म्हणून पाहुणे 'निघालोय' म्हणाले की मांडू नका. पुण्यात 'निघालोय'चा अर्थ तुम्हाला माहीत आहे. 'पार्किंग कुठे करू' असा फोन आला की चीज काढा.

आता त्या भीतीकडे येऊ, कोणी हात लावणार नाही या. एका साखरपुड्यात माझा मोठा प्लॅटर होता. घरच्यांनी सगळ्यांना थांबवून ठेवलं, "फोटोग्राफर येऊ दे, मग घ्या." फोटोग्राफर आला पन्नास मिनिटांनी. तोवर चीज चकाकायला लागलं होतं, भाकरी मऊ पडली होती आणि लोक जेवणाच्या रांगेत गेले होते. नंतर मला फोन आला, "दिसायला सुंदर होतं हो, पण कोणी खाल्लंच नाही." खाणार कसे? हात लावायचा नाही असंच सगळ्यांना सांगितलेलं होतं की!

म्हणून ताई, तुझा फोटो पाहुणे यायच्या आधी काढून घे. आणि मग, हे जिवावर येईल, पण प्लॅटर स्वतः थोडा मोड. एका कोपऱ्यातले तीन-चार तुकडे उचल, तिथे चिमटा आणि दोन काटे ठेव. मोडलेली गोष्ट खायची वाटते, अखंड गोष्ट बघायची वाटते. पाच-सहा घास तूच जोडून ठेव: भाकरीच्या तुकड्यावर चेडर, त्यावर साखरांब्याचा थेंब. ते बघून बाकीच्यांना कळतं.

आणि पहिली डिश तू वाढ. सगळ्यांच्या आधी आजींना. "आजी, घ्या ना," असं मोघम म्हणू नकोस, त्यावर 'नको' हेच उत्तर येतं. डिशमध्ये चिकूची फोड आणि त्यावर गौड्याची पट्टी ठेवून हातात दे आणि सांग, "आजी, हे चिकूबरोबर एकदम खाऊन बघा, मऊ आहे." काय आहे, कसं खायचं, चावेल की नाही, तिन्ही प्रश्न त्यांनी न विचारता सुटले. आजींनी खाल्लं की आत्या खातात. आत्यांनी खाल्लं की काकू विचारतात, "हे कुठलं गं?" मग सासऱ्यांना चेडर-पेरू. त्यांना बीपीचा त्रास असेल तर दोन तुकड्यांवर थांब, चीजमध्ये मीठ बरंच असतं, फळं मात्र हवी तितकी दे. एकदा वाढून झालं की दुसऱ्यांदा माणसं स्वतः घेतात. आपल्याकडे आग्रह लागतो तो पहिल्या घासालाच.

शायनिंगचं म्हणशील तर आजींना क्यूब दिसला, साखरांबा दिसला, केळीचं पान दिसलं, की त्यांना ते आपलंच काहीतरी वाटेल. साखरांबा सासूबाईंनी दिलेला असेल तर तेही सगळ्यांसमोर सांग. बास.

राहिलं उरलेलं. दोन तास बाहेर राहिलेली कापलेली फळं आणि चक्का टाकून द्या, जीव तुटला तरी. म्हणून एकदम सगळं मांडू नका, निम्मं फ्रिजमध्ये राहू दे. न मांडलेलं चेडर, गौडा बटर पेपरमध्ये गुंडाळून, वरून सैल पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलं की त्याला ओल सुटते. उरलेला चक्का ताजा असेल तर सोमवारी डब्यात, काकडीच्या सँडविचमध्ये. चेडरचे वेडेवाकडे तुकडे किसून ज्वारीच्या पिठात, मिरची-कोथिंबीर घालून थालीपीठ लावा. ते गरम गरम खाताना मला मेसेज करा.

पुढच्या भागात एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न घेणार आहे: फ्रिज नसलेल्या हॉस्टेलच्या खोलीत चार दिवस टिकेल असं काय काय करून ठेवता येतं. तुमच्याकडे काही युक्त्या असतील तर पाठवून ठेवा. चला, भेटू.